परीक्षकाची दृष्टि

लिहिणाऱ्याचें नांव होतें आणि तपासणाऱ्याचें कोणी घेत नाहीं, हा जगाचा जुना रिवाज आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ग्रंथकार मोठ्या अक्षरांत झळकतो. मुद्रितें तपासणारा मात्र पडद्याआडच राहतो. तथापि मुद्रितें तपासणाराच्या हातून चूक राहिली तर फार तर एखाद्या वाक्याचा अनर्थ होतो. ज्या परीक्षणाचा परिचय प्रस्तुत लेखांत करून द्यावयाचा आहे त्यांत चूक राहिली, तर तिचा परिणाम आपण मांडीवर घेतलेल्या लॅपटॉपमधून थेट आपल्या देहापर्यंत पोहोंचूं शकतो.

हल्लींच्या कित्येक लॅपटॉपांत माणूस जवळ आहे किंवा नाहीं हें ओळखणारें एक चिमुकलें साधन बसविलेलें असतें. त्यास समीपता-सेन्सर म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकाशावर चालतो. बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांस न दिसणारा किरण तो सोडतो आणि समोरच्या वस्तूवर आपटून किरण परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. एक मीटर जाऊन परत येण्यास प्रकाशास एका सेकंदाच्या पंधरा कोटी भागांपैकीं अवघा एक भाग लागतो, यावरून हें मोजमाप किती नाजूक असेल याची वाचकांस कल्पना येईल. माणूस उठून गेला कीं पडदा मिटावयाचा आणि परत आला कीं उजळावयाचा, हें काम याच्या बळावर होतें.

दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा. मनुष्याचा देह धातूच्या पट्टीजवळ आला कीं त्या पट्टीची विद्युत् धारण करण्याची क्षमता किंचित् बदलते; तो बदल हा सेन्सर मोजतो. अशी पट्टी रेडिओ-लहरी सोडणाऱ्या अँटेनापाशीं बसवितात. हेतु असा कीं, शरीर जवळ असतां लहरींची शक्ति आपोआप कमी व्हावी आणि देहांत शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचें प्रमाण मर्यादेंत राहावें. ही मर्यादा अमेरिकेंत, एक ग्रॅम ऊतींवर सरासरी धरून, किलोग्रॅममागें १.६ वॅट आहे. युरोपांत दहा ग्रॅमांवर सरासरी धरून २ वॅट आहे. आपल्या देशांत मोबाइल फोनांकरितां २०१२ पासून १.६ वॅटचीच मर्यादा लागू झाली.

परंतु सेन्सर हा मुका साक्षीदार आहे. तो फक्त एक आंकडा देतो. त्या आंकड्याचा अर्थ लावून तो पुढें कळविणारा जो दुभाषा, त्यास ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर कर्नलमध्यें, म्हणजे संगणकाच्या सर्व व्यवहारांचें नियंत्रण करणाऱ्या गाभ्यांत, राहतो. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस तोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं ज्याचा आरंभ केला त्या लिनक्स कर्नलांत अशा मोजमापाच्या साधनांसाठीं स्वतंत्र विभाग आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनीं तो उभारला. क्रोमबुक जातीच्या लॅपटॉपांत असणाऱ्या सेमटेक कंपनीच्या एसएक्स-९३१० या सेन्सराचा ड्रायव्हर २०२० सालीं याच विभागांत दाखल झाला.

येथें प्रवेश मिळविणें सोपें नाहीं. लेखकानें आपली आज्ञावली सर्वांसमक्ष ठेवावयाची, आणि जाणत्यांनीं ती ओळीओळीनें वाचून शंका काढावयाच्या, अशी रीत आहे. लेखक दुरुस्ती करून दुसरी आवृत्ति पाठवितो, मग तिसरी, प्रसंगीं सातवी-आठवीही. ज्यानें ती तपासली तो शेवटीं आपलें नांव खालीं लिहितो. त्या सहीचा अर्थ मोठा मार्मिक आहे: मीं ही आज्ञावली वाचली आहे, तिच्यांत मला ठाऊक असलेला दोष उरलेला नाहीं, मात्र ती चालेलच अशी हमी मीं देत नाहीं.

परीक्षक पाहतो तरी काय? सर्व सुरळीत चाललें असतां आज्ञावली काय करते, हें लेखकानें पाहिलेलेंच असतें. परीक्षक विचारतो तें निराळें: बिघडलें तर काय? समजा, सेन्सरास वीज दिली, त्याची मांडणी केली, आणि तिसरी पायरी फसली. मग पहिल्या दोन पायऱ्या उलट्या क्रमानें उतरावयास हव्यात. नाहीं तर वीज उगाच चालू राहील. पुढें, आंकडा वाचीत असतांनाच सेन्सरानें नवीन वार्ता दिली तर? एकाच वहींत दोघे एकाच वेळीं लिहूं लागले तर जमाखर्चाची जी गत होते तीच येथें होते. म्हणून एकाचें होईतों दुसऱ्यास थांबविणारी कडी हवी. तसेंच, सेन्सर आंकडा दोन तुकड्यांत पाठवितो, त्यांत मोठा तुकडा आधीं कीं लहान? १ आणि २ हे तुकडे एका क्रमानें घेतले तर २५८ होतात, उलट क्रमानें ५१३. आणि लॅपटॉप झोपून पुन्हां जागा झाला, तर सेन्सरास आपली पूर्वीची मांडणी स्मरते काय? सुरू होतांना तो आधींच कोणाच्या मांडीवर असेल, तर त्या मांडीलाच तो रिकामी जागा समजणार नाहीं ना?

नांवांवरही बारकाईनें चर्चा होते, आणि ती निष्कारण नव्हे. सेन्सर अँटेनाजवळचा आहे, तळहात टेकण्याच्या जागेचा आहे, कीं लॅपटॉप मांडीवर असल्याचें सांगणारा आहे, हें कळविण्यासाठीं ठराविक नांवें नेमून दिलेलीं आहेत. एकदां दिलेलें नांव सहसा बदलतां येत नाहीं. कारण त्यावर विसंबून बाहेरचे कार्यक्रम लिहिले जातात, आणि त्यांस मोडूं द्यावयाचें नाहीं हा कर्नलचा कडक दंडक आहे.

या सूक्ष्म दृष्टीचें फळ काय, याचें २०२० मधील एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. सेन्सराचा आंकडा दोन बाइटांचा आणि त्यासोबतची वेळेची नोंद आठ बाइटांची असते. वेळेची नोंद आठाच्या पटींतील जागींच बसावी लागते, म्हणून मध्यें सहा बाइटांची जागा मोकळी राहते. कित्येक ड्रायव्हरांत ही जागा पुसून स्वच्छ केलेली नव्हती. तेव्हां कर्नलच्या स्मृतींत तेथें आधीं जें कांहीं पडून असेल, तेंही आंकड्यासोबत बाहेर जाण्याचा संभव होता. वाण्यानें हळदीची पुडी कोणाच्या तरी खाजगी पत्रांत बांधून द्यावी, तसाच हा प्रकार! हळद चोख, वजन बरोबर, म्हणून गिऱ्हाइकाची तक्रार नाहीं. त्याचप्रमाणें आंकडे सर्व खरे येत, म्हणून चांचणींत दोष उमटेना. एका परीक्षणाच्या ओघांत तो एका परीक्षकाच्या ध्यानांत आला. त्यावर त्या एकाच ड्रायव्हराची दुरुस्ती करून कोणी स्वस्थ बसलें नाहीं. त्या जातीचे अनेक ड्रायव्हर पुन्हां उघडून तपासण्यांत व सुधारण्यांत आले, आणि त्यांत अंतर मोजणाऱ्या सेन्सरांचेही होते.

एवढ्या उपयुक्त कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिहिणारे पुष्कळ, तपासणारे थोडे. आणि थकलेल्या माणसाची जीभ तिखट होते. दोष आज्ञावलीचा असतो, परंतु शब्द मनुष्यास लागतात. खुद्द तोर्वाल्ड्स यांनीं सप्टेंबर २०१८ मध्यें आपल्या कठोर उत्तरांबद्दल जाहीर क्षमा मागून कांहीं दिवस कामांतून रजा घेतली, आणि त्याच सुमारास त्या मंडळींनीं नवी आचारसंहिता स्वीकारली. तथापि परीक्षणाची कसोटी तिनें सैल केली नाहीं. आज्ञावलीविषयीं कठोर आणि मनुष्याविषयीं सौम्य असणें, हेंच तिचें सार म्हणतां येईल.

आपल्या एकत्र कुटुंबांतून या गोष्टीचें मर्म समजणें कठीण जाऊं नये. वडिलांनीं केलेल्या हिशेबावर धाकट्यानें शंका काढली तर तो उद्धटपणा, अशी समजूत अद्याप पुष्कळ घरीं आहे. कर्नलच्या दरबारीं मात्र नवशिक्यानेंही ज्येष्ठास प्रश्न विचारावा आणि ज्येष्ठानें त्याचें उत्तर द्यावें, असा शिरस्ता आहे. कारण चूक ही वय पाहून होत नसते. ज्यास आपण कधीं पाहणार नाहीं अशा कोणी तरी मध्यरात्रीं एक ओळ पुन्हां वाचली, म्हणून आपल्या मांडीवरील यंत्र आपल्याशीं जपून वागतें. लेखकाचा गौरव करतांना त्या दुसऱ्या वाचणाऱ्याचेंही स्मरण ठेवणें, आणि आपलें लिहिलेलें कोणी तपासूं लागलें तर रुसून न बसणें, एवढें तरी आपणांस साधावयास हरकत नाहीं.