ग्राफिंग कॅल्क्युलेटर काय सांगतो, काय सांगत नाही

मुंबई-पुण्यातल्या आयबी शाळेत अकरावीला प्रवेश झाला की सामानाच्या यादीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतोच. अमेरिकेतल्या मराठी घरांत तो त्याहून लवकर येतो आणि थोरल्याचं शिक्षण झालं की धाकट्याच्या दप्तरात जातो. लॉग टेबल उघडून बारावी केलेल्या आईवडिलांना मात्र या यंत्राची ओळख नसते. शाळेतही कुठलं बटण दाबायचं ते शिकवतात. दाबल्यावर आत काय घडतं, ते क्वचितच सांगतात. मग काहींना वाटतं, यंत्राने दिलं म्हणजे बरोबरच असणार. काहींना वाटतं, हे हातात आलं की मुलाचं गणित संपलं. दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

बाजारात आलेला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओचा एफएक्स-७०००जी, साल १९८५. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला १९९० मध्ये. अमेरिकन शाळांत घट्ट रुजलेला टीआय-८४ प्लस २००४ चा आणि त्याचं रंगीत पडद्याचं सीई हे मॉडेल २०१५ चं. खालची उदाहरणं बहुतेक या दोन मॉडेलांवरची आहेत. त्यामागची तत्त्वं बाकीच्यांनाही लागू पडतात.

गैरसमज १: पडद्यावर दिसतो तोच खरा आलेख.

वस्तुस्थिती: कॅल्क्युलेटर वक्र काढत नाही, बिंदू काढतो. टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ पिक्सेल रुंद आणि ६४ पिक्सेल उंच. आलेखासाठी त्यातले ९५ उभे स्तंभ वापरले जातात. प्रत्येक स्तंभासाठी एक्सची एक किंमत घ्यायची, वायची किंमत काढायची, तिथला ठिपका उजळायचा आणि शेजारच्या ठिपक्यांना जोडायचं, एवढंच यंत्र करतं. दोन ठिपक्यांच्या मधे काय घडतं, हे त्याला कळायला मार्गच नाही.

स्वतः करून पाहा. मोडमध्ये रेडियन निवडा. विंडोमध्ये एक्सची मर्यादा ० ते २π ठेवा, वायची −२ ते २. आता साइन ९४एक्स हे फल भरा. या मर्यादेत त्याच्या तब्बल ९४ लाटा बसतात, पण पडद्यावर दिसते सपाट आडवी रेषा. मग ९४ च्या जागी ९५ लिहा. आता एकच संथ लाट दिसते, हुबेहूब साइन एक्सची.

यंत्र बिघडलेलं नाही. ९५ स्तंभांमध्ये ९४ अंतरं असतात, म्हणजे एक्स दर वेळी २π भागिले ९४ इतका सरकतो. तेवढ्यात साइन ९४एक्सची एक लाट नेमकी पूर्ण होते. त्यामुळे यंत्र प्रत्येक वेळी लाट शून्यावर असतानाच तिला पाहतं. साइन ९५एक्स प्रत्येक पावलाला एका लाटेहून किंचित पुढे जातं आणि तो किंचित फरक साठत साठत एक खोटी लाट तयार होते. सीईच्या आलेखात २६५ स्तंभ आहेत. तिथे ९४ आणि ९५ ऐवजी २६४ आणि २६५ घाला, हाच अनुभव येईल. पडदा कितीही बारीक केला तरी त्याला फसवणारं फल सापडतंच.

दुसरं उदाहरण टॅन एक्सचं. जुन्या टीआय-८४ प्लसवर −१० ते १० या ठरावीक विंडोत हा आलेख काढला की मधेमधे उभ्या रेषा दिसतात. अनेक मुलं त्या वहीत आलेखाचा भाग म्हणून उतरवतात. प्रत्यक्षात एका स्तंभातला ठिपका खूप वर आणि पुढच्या स्तंभातला खूप खाली असतो, आणि यंत्र सवयीने दोन्ही जोडून टाकतं. टॅन एक्स तिथे जोडलेलं नाही, तुटलेलं आहे.

वर्तुळ लंबवर्तुळासारखं दिसण्याचं कारणही पडद्यातच आहे. पडदा आडवा लांब, आणि दोन्ही अक्षांवर −१० ते १० अशीच मर्यादा. मग आडवं एकक उभ्या एककापेक्षा लांब होतं. झूममधला झेड-स्क्वेअर पर्याय निवडला की वर्तुळ पुन्हा वर्तुळ दिसतं.

गैरसमज २: पडदा कोरा राहिला किंवा एरर आला म्हणजे कॅल्क्युलेटर बिघडला.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा बिघाड नसतोच. एक्सचा वर्ग अधिक ५० हे फल −१० ते १० च्या विंडोत दिसणारच नाही, कारण त्याची सर्वांत लहान किंमतच ५० आहे. अशा वेळी आधी टेबल उघडून किमती पाहाव्यात आणि त्यांवरून विंडो ठरवावी.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्टॅट प्लॉट चालू राहणं. संख्याशास्त्राच्या तासाला कुणीतरी प्लॉट १ चालू करतं आणि तो तसाच राहतो. पुढे साधा आलेख काढायला गेलं की 'इनव्हॅलिड डिम' किंवा 'डिम मिसमॅच' असा एरर येतो. पहिल्याचा अर्थ, प्लॉटसाठी लागणाऱ्या याद्या रिकाम्या आहेत. दुसऱ्याचा अर्थ, दोन याद्यांची लांबी जुळत नाही. फलं भरायच्या पडद्यावर सर्वांत वर प्लॉट १ ठळक दिसत असेल, तर त्यावर जाऊन एंटर दाबायचं, काम झालं. थोरल्याकडून धाकट्याकडे आलेल्या कॅल्क्युलेटरवर हे आधी पाहावं.

पडदा फिका किंवा पूर्ण काळा झाला असेल, तर सेकंड बटण दाबून मग वरचा किंवा खालचा बाण दाबून ठेवा. त्याने पडद्याची गडदता बदलते. ती वारंवार वाढवावी लागत असेल, तर सेल उतरत आले आहेत.

गैरसमज ३: गणित एकच, तर उत्तर कुठल्याही कॅल्क्युलेटरवर एकच.

वस्तुस्थिती: उत्तर मांडणीवर आणि सेटिंगवर अवलंबून असतं. रेडियन मोडमध्ये साइन ३० टाकलं की ०.५ नाही, जवळपास −०.९८८ मिळतं. यंत्राने ३० अंश न समजता ३० रेडियन समजले, आणि त्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच दिलं.

६÷२(१+२) हे टीआय-८४ वर ९ येतं आणि आपल्या इंजिनीअरिंगच्या मुलांच्या ओळखीच्या कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लसवर १ येतं. गुणाकाराचं चिन्ह न लिहिता कंसाला चिकटवलेला २ आधी धरायचा की नाही, याचे दोन कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. एकाच कंपनीतही हा नियम बदललेला आहे: १/२एक्सचा अर्थ टीआय-८२ वर 'एक भागिले दोन एक्स' होता, टीआय-८३ पासून तो 'अर्धा एक्स' झाला. यावर उपाय एकच, कंस सढळ हाताने घालायचे.

उणे तीनचा वर्ग हवा असेल तर −३ कंसात घाला. नाहीतर यंत्र आधी ३ चा वर्ग करून त्याला उणे लावतं आणि −९ देतं. टीआयवर वजाबाकीचं आणि ऋण संख्येचं अशी दोन वेगळी बटणं असतात. त्यांची अदलाबदल झाली की सिंटॅक्स एरर येतो. आणि साइनच्या डोक्यावर −१ लिहिलेलं बटण म्हणजे साइनचा गुणाकार व्यस्त नव्हे. डिग्री मोडमध्ये त्याला ०.५ दिलं की ते ३० देतं, म्हणजे कोन देतं. कोसेक हवा असेल तर १ ला साइनने भागावं लागतं.

गैरसमज ४: यंत्राचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत अचूक असतं.

वस्तुस्थिती: टीआय-८४ आतमध्ये १४ अंक सांभाळतो आणि पडद्यावर जास्तीत जास्त १० दाखवतो. १० च्या १४ व्या घातात १ मिळवा आणि तोच १० चा १४ वा घात वजा करा. उत्तर १ यायला हवं, येतं ०. पंधरावा अंक ठेवायला जागाच नसल्याने मिळवलेला १ वाटेत गळून जातो. मोठ्या संख्यांनाही सीमा आहे: ६९ फॅक्टोरियल येतं, ७० फॅक्टोरियलला ओव्हरफ्लो म्हणून एरर येतो, कारण ते १० च्या १०० व्या घातापलीकडे जातं.

विकलजाचं उदाहरण याहून बोलकं आहे. एन-डेरिव्ह हे साधन व्याख्येने विकलज काढत नाही. ते दिलेल्या बिंदूच्या ०.००१ अलीकडची आणि ०.००१ पलीकडची किंमत घेतं आणि दोन्हींतल्या फरकाला ०.००२ ने भागतं. गुळगुळीत फलांसाठी हे उत्तम चालतं. पण एक्सच्या केवल मूल्याचा ० जवळचा विकलज विचारला तर ते ० सांगतं, कारण दोन्ही बाजूंची किंमत सारखीच असते. त्या टोकाशी विकलज अस्तित्वातच नाही, हे अकरावी-बारावीचं पुस्तक शिकवतं. १ भागिले एक्सचं तर ० ला मूल्यही नाही; तरी एन-डेरिव्ह तिथे १०,००,००० असं उत्तर देतं. इथे यंत्रापेक्षा व्याख्या माहीत असलेला विद्यार्थी बरोबर असतो.

गैरसमज ५: महागातला घेतला की सगळीकडे चालतो.

वस्तुस्थिती: काही कॅल्क्युलेटर अक्षरांसह बीजगणित सोडवतात: अवयव पाडतात, विकलज सूत्ररूपात देतात. टीआय-८९, एचपी प्राइम हे त्यांतले. टीआय-८४ मध्ये ही सोय नाही. अशा बीजगणिती यंत्रांना अमेरिकेतल्या एसीटी परीक्षेत बंदी आहे, म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेलं यंत्र परीक्षेच्या दिवशी बाहेर ठेवावं लागतं. डिजिटल सॅटमध्ये डेस्मॉस हे आलेखाचं साधन पडद्यावरच दिलेलं असतं. आपल्याकडे बारावीच्या बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. जेईई मेनमध्येही कॅल्क्युलेटर नाही. गेटमध्ये तो संगणकाच्या पडद्यावरच असतो, स्वतःचा नेता येत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या परीक्षेचे चालू वर्षाचे नियम वाचावेत.

गैरसमज ६: ग्राफिंग कॅल्क्युलेटरने गणित कच्चं राहतं.

वस्तुस्थिती: परीक्षांच्या रचनेतच याचं उत्तर आहे. अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेत काही भाग कॅल्क्युलेटरविना आणि काही भाग ग्राफिंग कॅल्क्युलेटरसह सोडवायचा असतो. आयबीच्या ॲनॅलिसिस अँड ॲप्रोचेस विषयात पहिला पेपर कॅल्क्युलेटरविना असतो. हाताने करता येणं आणि यंत्राने तपासता येणं, ही दोन्ही कौशल्यं मागितली जातात. आलेखाचा कच्चा आकार आधी वहीत काढायचा आणि मग पडद्यावर पाहायचा, हा क्रम पाळला तर यंत्र चांगला सोबती ठरतं. क्रम उलटला तर मूल पडद्याची नक्कल करत राहतं, आणि पडदा कुठे फसवतो ते आपण वर पाहिलंच.

गैरसमज ७: सेल काढले की साठवलेलं सगळं पुसलं जातं.

वस्तुस्थिती: टीआय-८४ प्लसमध्ये चार ट्रिपल-ए सेल असतात आणि शिवाय एक लहान बटण सेल. मोठे सेल बदलताना हा बटण सेल रॅम जपतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी काढू नयेत. चारही सेल एकदम बदलावेत आणि एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्यावेत. एखादा प्रोग्राम जपायचा असेल तर तो आर्काइव्हमध्ये टाका. आर्काइव्ह फ्लॅश मेमरीत असतं, त्याला टिकायला सेल लागत नाहीत. रॅम रीसेट केली तरी आर्काइव्हला धक्का लागत नाही. सीईमध्ये सेलऐवजी चार्ज होणारी लिथियम बॅटरी असते आणि तिची केबल मिनी यूएसबीची असते, फोनची हल्लीची केबल तिथे बसत नाही.

गैरसमज ८: बंद करून कपाटात ठेवला की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: कॅल्क्युलेटर नुसते पडून राहिल्यानेही खराब होतात. उतरलेला अल्कलाइन सेल आतच राहिला तर त्यात वायू तयार होऊन दाब वाढतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. तेच पांढऱ्या पावडरीसारखं पत्र्यांवर दिसतं आणि धातू खातं. नवा-जुना सेल एकत्र वापरला की जुना जास्तच उपसला जातो आणि गळण्याचा धोका वाढतो. सुट्टीत महिनोन्महिने यंत्र लागणार नसेल, तर हवं ते आर्काइव्ह करून ट्रिपल-ए सेल काढून ठेवावेत. गळती झालीच असेल तर हातमोजे घालावेत, सगळे सेल काढावेत, कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पत्रे पुसावेत, मग किंचित ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. पावडर अल्कधर्मी असते, म्हणून सौम्य आम्ल लागतं.

कोकणातल्या पावसाळ्यात दप्तर भिजतं, तेव्हा कॅल्क्युलेटर तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला हमखास मिळतो. तांदूळ आतला ओलावा मोकळ्या हवेपेक्षा लवकर ओढत नाही, उलट त्याची बारीक पूड बटणांच्या फटींत शिरते. सेल काढा, बाहेरून पुसा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका. हेअर ड्रायरची गरम हवा टाळा. उन्हात बंद गाडीतही ठेवू नका; उष्णतेने पडदा काळवंडतो आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. साफ करायला मऊ कापड पुरतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात.

हे यंत्र विकत घेणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी डेस्मॉस आणि जिओजिब्रा फोनवर मोफत आहेत, आणि आलेखाची समज त्यांवरही तितकीच येते. कारण ही समज यंत्राच्या किमतीवर नाही, विचारणाऱ्याच्या तयारीवर ठरते. कोन कशात मोजतो आहोत, विंडो कुठून कुठपर्यंत आहे आणि उत्तर साधारण केवढं यायला हवं, एवढं एंटर दाबण्याआधी मनाशी ठरवण्याची सवय मुलांना लावू या. ज्याच्यापाशी आधी अंदाज असतो, त्याला पडद्यावरची चूक दिसते; ज्याच्यापाशी नसतो, तो ती वहीत उतरवून घेतो.