दहा वर्षांची निवड

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील फोर्ट रकर या छावणीत तेथील भूदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात. लाकोटा या हलक्या हेलिकॉप्टरवर प्राथमिक शिक्षण पूर्ण झाले की प्रत्येक तुकडीच्या आयुष्यात निवडीचा दिवस येतो. सैन्याच्या गरजेनुसार त्या तुकडीच्या वाट्याला अपाची किती, ब्लॅक हॉक किती, चिनुक किती, हे जाहीर होते. मग गुणानुक्रमे एकेकाने आपली पसंती सांगायची. उड्डाणातील कौशल्य, लेखी परीक्षा, शारीरिक क्षमता या सर्वांचे गुण त्या क्रमात धरलेले असतात. शेवटच्या विद्यार्थ्याच्या हाती उरेल ते येते. आणि तुकडीच्या वाट्याला एखादे यंत्र आलेच नसेल, तर पहिल्या क्रमांकाचाही नाइलाज होतो.

वरवर पाहता हा विद्यार्थ्यांचा हौसेचा प्रसंग वाटेल. परंतु ऑक्टोबर २०२० पासून वैमानिकाच्या सेवेचे बंधन सहा वर्षांवरून दहा वर्षांवर गेले आहे, आणि ही मुदत मोजली जाते ती शिक्षण संपल्यानंतर. पुढे यंत्र बदलून मिळणे अशक्य नाही. मात्र ते सैन्याच्या सोयीने, आपल्या इच्छेने नव्हे. तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाने तारुण्याचा बहुतेक काळ एका शब्दात गुंतवायचा, इतका हा व्यवहार गंभीर आहे.

अपाची हे केवळ हल्ल्यासाठी बांधलेले यंत्र. माणसे दोनच, एकामागे एक बसणारी. मागे वैमानिक, पुढे सहवैमानिक व नेमबाज. शिरस्त्राणाला जोडलेले एक छोटे भिंग उजव्या डोळ्यासमोर येते व त्यावर सर्व माहिती उमटते; डावा डोळा बाहेरचे जग पाहत राहतो. दोन डोळ्यांनी दोन निरनिराळी दृश्ये पाहण्याची ही सवय अंगवळणी पडेपर्यंत अनेकांना डोकेदुखी सोसावी लागते. ब्लॅक हॉक १९७९ पासून सेवेत आहे. सुमारे अकरा सशस्त्र सैनिक नेणे, सामान पोचवणे, पूरग्रस्तांना उचलणे अशी सर्व कामे ते करते. संख्येनेही तेच सर्वांत अधिक, त्यामुळे जागाही त्याच्याच जास्त. चिनुकचा आराखडा १९६०च्या सुमाराचा. दोन मोठे पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असल्याने त्याला शेपटीच्या पंख्याची गरज लागत नाही, आणि ओझ्यासह त्याचे वजन साडेबावीस टनांपर्यंत जाऊ शकते. जागा मोजक्या असल्याने चिनुकसाठी चढाओढ असते. भारतीय वायुदलातही २०१९ पासून अपाची व चिनुक दोन्ही आहेत. तेव्हा ही नावे आपल्या वाचकांना अगदीच परकी नाहीत.

ज्या घरांत अहिंसा नित्याच्या आचरणात आहे, तेथील वाचकाची नजर आणखी एका गोष्टीवर स्थिरावेल. जखमींना युद्धभूमीवरून उचलणारी, रेडक्रॉसचे चिन्ह लावलेली हेलिकॉप्टरे ब्लॅक हॉकच असतात व त्यांवर शस्त्रे बसवलेली नसतात. पण ब्लॅक हॉक निवडणाऱ्याला तेच काम मिळेल असे नाही. ते पुढील नेमणुकीवर अवलंबून. अपाची घेणाऱ्याला मात्र आपले काम कोणते, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याने ही गोष्ट निवडीच्या आधीच मनाशी नीट तपासलेली बरी.

आणखी एक फरक पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येतो. कमिशनप्राप्त अधिकारी काही वर्षांनी तुकडीचे नेतृत्व, नियोजन, कागदपत्रे यांत अडकतो व त्याचे उड्डाण कमी होत जाते. वॉरंट अधिकारी या दुसऱ्या मार्गाने आलेला वैमानिक प्रामुख्याने उडतच राहतो. त्याला पदवीचीही अट नसते. हुद्दा की आकाश, हा प्रश्न हेलिकॉप्टर निवडण्याच्या बराच आधी सुटलेला असावा लागतो. नॅशनल गार्डच्या उमेदवाराला तर निवड नसतेच. त्याच्या राज्यातील तुकडीकडे जे यंत्र आहे, तेच त्याचे.

आणि इतका विचार करून घेतलेले यंत्रही कायमचे नसते. टेहळणीसाठी प्रसिद्ध असलेले कायोवा वॉरिअर २०१७ पर्यंत सेवेतून काढले गेले. ज्यांनी ते आवडीने निवडले होते, त्यांतील अनेकांना अपाची वा ब्लॅक हॉकचे धडे नव्याने गिरवावे लागले. ब्लॅक हॉकच्या काही कामांसाठी नवे विमान तयार करण्याचे कंत्राट डिसेंबर २०२२ मध्ये बेल कंपनीला मिळाले आहे. त्याचे पंखे उड्डाणात पुढे कलतात व ते विमानासारखे वेगाने जाते. आज ब्लॅक हॉक घेणाऱ्याच्या दहा वर्षांत कदाचित तेही येईल.

राहिला सेवेनंतरचा प्रश्न, जो व्यापारी घरातील वडीलधारी माणसे सर्वांत आधी विचारतील. अमेरिकेत लष्करी वैमानिकाला नियमांची लेखी परीक्षा देऊन व्यावसायिक परवाना मिळवता येतो, आणि लष्करात उडवलेले तास अनुभवात धरले जातात. रुग्णवाहक हेलिकॉप्टर, समुद्रातील तेलविहिरींची ने-आण, वणवे विझवणे अशी कामे त्यांना मिळतात. जुनी ब्लॅक हॉक व चिनुक खासगी कंपन्यांनी घेऊन वणव्यांवर पाणी टाकण्यास जुंपली आहेत. अपाचीला नागरी बाजारात असे काम नाही. तिच्या वैमानिकाला तेथे दुसऱ्या एखाद्या यंत्रापासून सुरुवात करावी लागते.