एचडीआर : दोष तंत्राचा नव्हे, अतिरेकाचा

कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून दर्शनी गवाक्षाकडे कॅमेरा रोखला की अडचण लगेच कळते. गवाक्ष नीट येईल असे एक्स्पोजर ठेवले, तर छताच्या लाकडी फासळ्या काळोखात बुडतात. फासळ्या उजळल्या, तर गवाक्ष पांढरेफटक होते. कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम घेणे म्हणजे ब्रॅकेटिंग. त्या एकत्र करून एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) छायाचित्र बनते. या उत्तम तंत्राभोवती गैरसमजही पुष्कळ आहेत.

गैरसमज : एचडीआर म्हणजे भडक रंग.
वस्तुस्थिती : ब्रॅकेटिंगमुळे फक्त उजेड-अंधाराची नोंद पूर्ण होते. ती नोंद पडद्यावर किंवा कागदावर मावेल अशी आवळणे, म्हणजे टोन मॅपिंग, हा वेगळा टप्पा. भडकपणा आणि कडांभोवतीची प्रभावळ येते ती इथल्या अतिरेकातून. हात आखडता ठेवला, तर छायाचित्र एचडीआर आहे हे ओळखूही येत नाही.

गैरसमज : ही डिजिटल काळातली क्लृप्ती आहे.
वस्तुस्थिती : कल्पना जुनी आहे. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातल्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट आला की आकाश जळून जाई. म्हणून १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्र आणि आकाशाच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. अनेक एक्स्पोजरवरून दृश्यातल्या मूळ उजेडाचे गणित मांडणारी पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांची पद्धत १९९७ची.

गैरसमज : एकाच जेपेगच्या उजळ-गडद प्रती जोडल्या तरी चालते.
वस्तुस्थिती : जळालेली जागा गडद केली की नुसती राखाडी होते, जो तपशील टिपलाच नाही, तो परत येत नाही. रॉ फाइलमध्ये मोकळीक जास्त असते, पण सावल्या फार उचलल्या की त्यातही नॉइज दिसू लागतो.

गैरसमज : एक्स्पोजर कसेही बदलले तरी फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : अ‍ॅपर्चर बदलले की फोकसची खोली बदलते आणि फ्रेम जुळत नाहीत. अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कायम ठेवून फक्त शटरस्पीड बदलावा. मधली फ्रेम १/६० सेकंदाची असेल, तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने उरलेल्या दोन १/२५० आणि १/१५च्या येतात.

गैरसमज : प्रत्येक दृश्याला एचडीआर हवेच.
वस्तुस्थिती : पावसाळी ढगाळ उजेडात बहुधा एकच फ्रेम पुरते. हलती माणसे, फांद्या किंवा लाटा असतील, तर जोडलेल्या चित्रात त्यांच्या भुतासारख्या पुसट आकृत्या उमटतात.

म्हणून आधी हिस्टोग्राम पाहा. आलेख दोन्ही टोकांना चिकटून कापला जात असेल, तरच ब्रॅकेटिंग करा. आणि संस्करण करताना जागेवर डोळ्यांनी पाहिलेला उजेड प्रमाण माना.