शेड कारखान्यात कशी तयार होते? आगाऊ रक्कम देण्याआधी वाचा



मसाला कांडप, पापड, डाळ मिल असं काही सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न जागेचा येतो. ठेकेदार म्हणतो, "प्रीफॅब शेड टाकू, महिनाभरात उभी." पण पैसे गटाचे आणि कर्जही गटाच्या नावावर. म्हणून ही शेड बनते कशी, ते आपल्याला माहीत हवंच.

ब्लाउज शिवतो तसंच हे काम. आधी माप, मग कापणं, मग जोडणं.

नकाशा : भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटर धरलाय. तेवढा वारा सोसेल अशा हिशोबाने इंजिनिअर खांब-तुळया ठरवतो.

कारखाना : लोखंडी प्लेटा मशीनवर कापतात. तीन पट्ट्या वेल्डिंगने जोडून खांब बनतो. भार जास्त तिथे तो रुंद, कमी तिथे निमुळता. त्यामुळे लोखंड वाचतं. मग बोल्टची भोकं पाडतात, बारीक छर्‍यांचा मारा करून गंज काढतात, प्रायमर-रंग देतात आणि प्रत्येक भागावर नंबर टाकतात. पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या (पर्लिन) आणि छताचे पत्रे रोलमधून वेगळ्या मशीनवर निघतात.

जागेवर : तोपर्यंत इकडे काँक्रीटचा पाया भरतात. पायातले बोल्ट नकाशाप्रमाणेच हवेत. ते सरकले तर खांब बसत नाही आणि कामगार भोक मोठं करून वेळ मारून नेतात. तसं करू देऊ नका, इंजिनिअरला बोलवा. पाया पक्का झाला की क्रेनने खांब उभे करून नंबरप्रमाणे बोल्टने जोडतात.

आता कोटेशन हातात घेऊन एवढं बघा :

- इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आहे का? त्यात वाऱ्याचा वेग लिहिलाय का?
- दर किलोवर असेल तर वजनकाट्याची पावती मिळणार का?
- पत्र्याची जाडी लिहिलीय का? ०.५० मिलिमीटर सांगून ०.४० चा लावला तर लांबून कळत नाही. माल उतरताना मोजून घ्या.
- पाया, क्रेन, वाहतूक आणि जीएसटी दरात धरलेत की वेगळे?

जागेचे कागद आणि बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या, तेही चेकने आणि ठराव लिहून.

कोटेशन आलं असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, मिळून वाचू.