चार्जिंग जातं कुठे?

बॅटरी बसली आणि पुन्हा उठलीच नाही, तर गॅरेजवाल्याचं काम सोपं असतं. त्याला घाम फोडते ती आठवडाभर बिनतक्रार धावणारी आणि एखाद्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक्’ करून गप्प होणारी गाडी. धक्का मारून ती गॅरेजपर्यंत न्यावी, तर तिथे अल्टरनेटर झकास चार्ज करत असतो. मग ठरलेला क्रम सुरू होतो: आधी नवी बॅटरी, मग रेग्युलेटर, मग आख्खा अल्टरनेटर, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच ‘टक्’. जुनी जीप, फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर सांभाळणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. माझ्या मते तो उलटा आहे. अधूनमधून होणारा बिघाड लहरी नसतो. एखादी अट पुरी झाली की तो हमखास होतो. पाळीच्या तापात वैद्य औषधाआधी तापाची वेळ विचारतो, तसं इथे भाग बदलण्याआधी ती अट शोधायला हवी. आणि जुन्या गाडीत ती यंत्राच्या पोटात कमी, दोन तारा जिथे एकमेकींना भेटतात त्या सांध्यात जास्त वेळा सापडते.

अल्टरनेटर हे तसं दणकट यंत्र आहे. डायनमोवर चालणाऱ्या गाड्या सिग्नलला उभ्या राहिल्या की जवळपास चार्जच होत नसत. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि ती अडचण सुटली. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला आणि पुढे डायनमो मागे पडत गेला. दोन कार्बन ब्रशांमधून फिरत्या रोटरला काही अँपिअर करंट मिळतो, त्याच्या चुंबकत्वामुळे स्टेटरच्या तीन गुंडाळ्यांत वीज तयार होते, सहा डायोड ती एकाच दिशेने वळवतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतो. यात झिजण्यासारखं म्हणजे ब्रश आणि बेअरिंग. पण वर्तुळ इथे संपत नाही. तयार झालेला करंट जाड तारेने बॅटरीकडे जातो आणि इंजिनाचं धड, अर्थची पट्टी, चासी अशा वाटेने परत येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे परतीची सगळी मदार त्या एका विणलेल्या पट्टीवर आणि तिच्या दोन बोल्टांवर असते. तीस पावसाळ्यांत तिथे गंज चढलेला असतो, आणि हौसेने गाडी रंगवून घेतली असेल तर बोल्टाखाली रंगाचा थरही बसलेला असतो. गाडीत सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच, आणि संशय मात्र अल्टरनेटरवर.

हा संशय आकड्यांवर तपासता येतो. एका सांध्यात फक्त ०.०५ ओहम रोध आहे असं धरू. हेडलाइट आणि वायपर चालू असताना त्यातून २० अँपिअर गेले, तर तिथेच एक व्होल्ट खाल्ला जातो. अल्टरनेटरवर १४.२ असले तरी बॅटरीपर्यंत १३.२ पोचतात. इंजिन बंद करून काही तास विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, म्हणजे एवढ्यात ती हळूहळू भरेल, पण रात्रीच्या प्रवासात झालेली तूट भरून निघणार नाही. शिवाय त्या सांध्यात २० वॅटची उष्णता तयार होते. सांधा तापतो, सैलावतो, थंड झाल्यावर पुन्हा धरतो. बिघाड येतो-जातो तो असा. आता इंजिन बंद करून ओहममीटर लावला, तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध या दोषाहून जास्त असतो; तो सांधा निर्दोष ठरवून मोकळा होतो. म्हणून इंजिन चालू, दिवे चालू, आणि व्होल्टमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड स्टडवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवायचं. तीच मोजणी अल्टरनेटरचं धड आणि बॅटरीचा मायनस यांच्यात करायची. प्लसच्या बाजूला ०.३ आणि मायनसला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर नवा अल्टरनेटर विकत घेण्याचं काहीच कारण उरत नाही.

अट कोणती, हे मालकाच्या बोलण्यातूनच पुष्कळदा कळतं. फक्त ते ऐकून घेणारं कुणी हवं. ‘अर्ध्या तासाने चार्जिंग जातं’ म्हटलं की उष्णता आली. तांब्याची गुंडाळी ६० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो, आणि रेग्युलेटरमधला एखादा कच्चा डाग तापल्यावरच सुटतो. ‘पावसात, वायपर लावल्यावर’ म्हटलं तर आधी गुळगुळीत झालेला बेल्ट बघावा. ‘खड्ड्यात आदळल्यावर’ म्हटलं तर आखूड झालेले ब्रश किंवा सैल लग. सगळ्यात फसवी तक्रार मात्र ही: ‘गावात चार्ज होत नाही, हायवेला लागलं की होते.’ अनेक जुन्या अल्टरनेटरांत रोटरला पहिला करंट डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातूनच मिळतो. तो छोटा बल्ब उडाला की रोटरकडे उरलेल्या अंधुक चुंबकत्वावर यंत्राला स्वतःहून जागं व्हावं लागतं, आणि त्यासाठी इंजिनचा वेग लागतो. गंमत अशी की लाल दिवा लागत नाही म्हणून चालक निर्धास्त असतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागलाच पाहिजे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि काही वेळा चार्जिंग ठीक असून बॅटरीच रात्रीत रिकामी होते: बंद गाडीत कुठेतरी अर्धा अँपिअर गळत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ४० ची बॅटरी चौथ्या दिवशी हात वर करते. अल्टरनेटरचा एखादा डायोड गळका झाला की नेमकं हेच होतं, तेव्हा यंत्राला सरसकट क्लीन चिटही देता येत नाही.

यावर गॅरेजवाल्याचा आक्षेप रास्त आहे. मोजत बसायला वेळ कुणाला आहे? भाड्याची जीप दोन दिवस उभी राहिली तर मालकाचं नुकसान नव्या अल्टरनेटरच्या किमतीएवढं होईल, आणि गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, शोधाचे देताना कुरकुरतं. हे खरं आहे. पण वर सांगितलेल्या दोन मोजण्यांना पाच मिनिटं पुरतात, आणि मूळ सांधा तसाच ठेवून बसवलेला नवा अल्टरनेटर त्याच सांध्यात मार खातो. दुसरा आक्षेप अनुभवाचा: मुरलेला वायरमन मीटर काढतच नाही, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने अल्टरनेटरवर टकटक करतो आणि निदान सांगतो. मला ही टकटक मुळीच अडाणी वाटत नाही. दिवा विझला किंवा लागला की ब्रश अडकतोय हे कळतं, म्हणजे त्याने बिघाडाची अट हाताने पुरी केलेली असते. वायरिंग हलवून बघणं हाही तोच प्रकार. उलट अल्टरनेटर खोलून टेबलावर फिरवला आणि ‘मशीन ओके’ असा शेरा मिळाला, तर तो थंड यंत्राबद्दलचा आणि गाडीच्या तारा वगळून दिलेला शेरा असतो. एक जुनी युक्ती मात्र सोडायलाच हवी. चालू इंजिनात बॅटरीची टर्मिनल काढून ‘बंद पडतं का बघू’ म्हणणं डायनमोच्या काळात बहुधा खपून जाई. अल्टरनेटरवरचा भार असा अचानक तुटला की व्होल्टेज क्षणभर ऐंशीच्याही वर उसळू शकतं, आणि चांगले असलेले डायोड त्या तपासणीतच मरतात.

जुन्या जीपचं प्रकरण थोडं निराळं आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये थांबलेलं सीजे-३बी मॉडेल महिंद्राने पुढेही कित्येक वर्षं बनवलं. त्या घडणीच्या जीपमध्ये दिव्याऐवजी अँपमीटर असतो, आणि काटा प्लसकडे झुकतोय की मायनसकडे हे तो कुठल्याही दिव्यापेक्षा प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यासाठी चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डमागे जाऊन परत येतो, आणि त्या मीटरमागचे दोन नट हादऱ्यांनी सैल होतात. बिघाड दाखवणाऱ्या यंत्रातच बिघाड राहायला येतो. मूळ डायनमो काढून जास्त ताकदीचा अल्टरनेटर बसवलेल्या जीपमध्ये तर ती वाट ४० अँपिअरला पुरेशी नसतेच. अशा गाडीत अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूजसह जाड तार थेट ओढावी, अँपमीटर वर्तुळातून काढावा आणि शेजारी छोटा व्होल्टमीटर लावावा. गाडी अस्सल राखणाऱ्यांना हे खपत नाही, आणि प्रदर्शनातल्या जीपपुरतं त्यांचं बरोबरही आहे. रोज घाट चढणाऱ्या जीपमध्ये काटा शोभेला ठेवला तरी चालेल. त्याच्या मागचे नट दर सर्व्हिसिंगला आवळून घेण्याची गरज मग उरत नाही.