पेंग्विनची स्वारी देहूरोडच्या घरी!

देहूरोडकर, १४ ऑक्टोबर २०२५ ला तुमचा पीसी एका रात्रीत 'म्हातारा' झाला, माहीत आहे का? त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटी सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५ साली हौसेने घेतलेलं ठणठणीत मशीन थेट वेटिंग लिस्टवर! थांबा, भंगारवाल्याला हाक मारू नका. पेंग्विनचं चिन्ह मिरवणाऱ्या लिनक्सला मारा!

हे लिनक्स सुरू कुणी केलं? फिनलंडमधल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने जाहीर केलं की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. आज? नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या टॉप ५०० सुपरकॉम्प्युटरपैकी सगळेच्या सगळे लिनक्सवर! पुण्याच्या सीडॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता, तोही याच बिरादरीतला.

आणि १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर उडालेलं 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टर? तेही लिनक्सवरच! मंगळावर चाललं, मग मामुर्डीत का नाही?

चला, आता स्क्रूड्रायव्हर काढा. अपग्रेडमध्ये पहिला मान एसएसडीचा! जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावर डोकं सरकत सरकत डेटा शोधतं; एसएसडीत हलणारा भागच नाही. दहा वर्षांच्या बोर्डावरही साटा पोर्ट असतं, केबल तीच चालते. मला विचाराल तर खिशात एकाच गोष्टीचे पैसे असतील तर ते इथेच घाला. फरक पीसी चालू करताक्षणी दिसतो.

दुसरा मान रॅमचा. पण दुकानात धावण्याआधी बोर्डावर डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघा. दोघींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. स्लॉट भरलेत? मग झेडरॅम चालू करा. रॅममधला मजकूर दाबून, कॉम्प्रेस करून लिनक्स त्याच जागेत जास्त काम उरकतं. खर्च शून्य रुपये!

घड्याळ सारखं मागे जातंय आणि प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून ओरडतेय? व्हायरस नाही हो! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बसलाय. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं सर्टिफिकेटच खोटं वाटतं. सेल बदला, सुटलात.

जादू बघायचीय? लिनक्स टाकलेली डिस्क काढा आणि भलत्याच कंपनीच्या पीसीला लावा. बहुतेक वेळा सरळ सुरू होतं! कारण बरेचसे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटातच असतात.

इन्स्टॉल करायची धास्ती? मुळीच नको. पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघा, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आवडलं तर देहूरोडहून निघालेली लोकल शिवाजीनगरला पोहोचेपर्यंत एसएसडीवर लिनक्सचा 'मिंट' हा अवतार बसवून होतो.

बाय द वे, लिनक्स मिंटच्या सगळ्या आवृत्त्यांना मुलींची नावं असतात, माहीत आहे का? २०१२ ची तेरावी आवृत्ती होती 'माया'. आणि २०२३ साली आपल्या संरक्षण मंत्रालयाने उबंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या अवतारावर बेतलेली स्वतःची सिस्टिम आणल्याच्या बातम्या आल्या, तिचं नावही 'माया'! डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गावाला ही बातमी खास.

मावळातला पाऊस आणि गेलेली लाइट, ही जोडी ठरलेली. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइल सिस्टिमला हे ठाऊक असावं! फाइलींच्या मांडणीत काय बदलणार आहे याची नोंद ती आधी 'जर्नल'मध्ये करते. लाइट आली की ती वही वाचून घडी पुन्हा बसवते. इन्व्हर्टर नसलेल्या घरात ही मोठीच सोय.

नटवायची हौस? केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये एका क्लिकवर अख्खं रूप पालटतं, डेस्कटॉपचा चक्क घन करून गरागरा फिरवता येतो. आणि 'एसएल' नावाचा गमतीचा प्रोग्राम टाका. टर्मिनलमध्ये फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ऐवजी चुकून 'एसएल' टाइप झालं की स्क्रीनवरून वाफेचं इंजिन झुकझुक जातं!

मराठी? ते तर आपल्याच जिल्ह्याचं देणं. लिनक्सवर चालणाऱ्या, भारतीय लिप्यांच्या 'लोहित' मालिकेतले पहिले फॉन्ट घडवले पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्री-लिपीवाल्यांनी. २००४ साली रेड हॅटने ते खुल्या परवान्याखाली सोडले. शिकायचंय? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीत, तेही फुकट.

आणि जुन्या मशीनच्या या मित्राकडूनच एक धक्का: लिनक्सचा जन्म ज्या ३८६ प्रोसेसरवर झाला, त्यालाच कर्नलने २०१२ च्या डिसेंबरात रामराम ठोकला.

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. लोणावळ्याचा घाट उतरलात की कर्जत तालुका. तिथल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला हा पहिलावहिला प्रयोग! आत लिनक्स, स्क्रीन भर उन्हात वाचता येणारा. कीबोर्डवर एक खास बटण, चालू प्रोग्रामचा कोड उघडून दाखवण्यासाठी. आणि हँडलच्या आत काय होतं, माहीत आहे का? जास्तीचे स्क्रू! मुलांनी लॅपटॉप खोलावा, एखादा स्क्रू हरवला तर हा घ्यावा, असं बनवणाऱ्यांनी आधीच धरून चाललं होतं. तुमच्या पीसीत अशी सोय नाही, तेव्हा उघडताना शेजारी एक वाटी ठेवा.