कपिलेचा बांधा
संगमेश्वरात आमच्या गोठ्यातली कोकण कपिला बघून घाटावरचे पाहुणे हसतात: एवढीशी गाय! पण सडा चढायला, चिखलणीला हाच हलका बांधा कामाचा, आणि तो बराचसा जनुकांतून येतो. जनुकं बांधा कसा बदलतात ते बघा: बेल्जियन ब्लू या गाईंच्या जातीत स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन जनुक बिघडलेलं असतं. हे १९९७ मध्ये उलगडलं. मांस भरपूर, चरबी कमी, पण वासरं इतकी थोराड की बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावी लागतात. ही कसली सुधारणा! आमच्या कपिलेसारख्या वशिंडवाल्या जातींत कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन मांस मऊ करणाऱ्या विकरांना जास्त अडवतं, म्हणून मांस चिवट. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांचीही कत्तल बंद आहे. त्यामुळे मांसाचा विचारच नाही; मी खोंड राखतो तो जोताला कसा चालतो ते बघून.